वळिवडे पोलिश निर्वासित छावणी
वळिवडे पोलिश निर्वासित छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे (आताचा करवीर तालुका) येथे उभारलेली वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती.

पार्श्वभूमी
१९३९ मध्ये सोव्हिएत संघाने पूर्व पोलंड व्यापला व तेथील लाखो नागरिकांना सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मधील करारानंतर मुक्त झालेल्यांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले.

वसाहतीतील जीवन
बराकींच्या या वसाहतीत शाळा, चर्च, रुग्णालय व नाट्यगृह होते. शाळांतील शिक्षण पोलिश भाषेत चालत असे.

अखेर व पुनर्वसन
युद्धानंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहिल्याने अनेकांची मूळ घरे परक्या देशात गेली. त्यामुळे कित्येक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांत स्थायिक झाले. छावणीच्या जागी फाळणीमुळे विस्थापित झालेल्या सिंधी कुटुंबांचे पुनर्वसन करण्यात आले. अशा प्रकारे एकाच जागेने दोन निर्वासित समाजांना आसरा दिला. ही वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते व कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे.

स्मृतिस्थळे
कोडोली-पन्हाळा परिसरात येणाऱ्या पर्यटकांना कोल्हापूर शहरातील महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक पाहता येते. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत काही पोलिश कबरी आहेत. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे कृतज्ञता-स्मारक आहे.