पाटी आणि पोथी

काही दिवसांपूर्वी एका वृद्ध गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "नातीला दहावे वर्ष लागले. तिला ई-रीडर घ्यावा की टॅब्लेट? तिचे आईबाप दिवसभर कामावर. दुपारी घरात ती आणि मी दोघेच असतो." मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्रांच्या बाजारातले मला काय कळणार? पण प्रश्न मनातून जाईना. विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, यंत्रे नवी असली तरी निवड फार जुनी आहे.

'टॅब्लेट' या शब्दाचा मूळ अर्थ लहानशी फळी, म्हणजे आपली पाटीच. रोमन मुले मेण थापलेल्या फळीवर टोकदार काडीने लिहीत आणि मेण सारखे करून पुन्हा लिहीत. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. १७८९ साली मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार हाती घेणाऱ्या अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्याने आपल्या शाळेत आणली आणि १७९७ साली पुस्तक लिहून इंग्लंडातील लोकांपुढे मांडली.

पाटी लिहून पुसायची. पोथी राखून वाचायची. पाटी मुलाला चुका करू देते. पोथी त्याला स्वस्थ बसवून दुसऱ्याचे म्हणणे ऐकायला लावते. विद्येला दोन्ही हवीत, पण दोघींची कामे वेगळी.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९७२ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के या संशोधकाने 'डायनाबुक' नावाच्या यंत्राची कल्पना लिहून काढली. वहीएवढा आकार, वजन चार पौंडांच्या आत, किंमत सुमारे पाचशे डॉलर, आणि ते मुलांसाठी! त्याच्या लेखात दोन मुले या यंत्रावर अवकाशयानांच्या लढाईचा खेळ खेळतात. खेळात सूर्याची ओढ आणावी असे त्यांच्या मनात येते, आणि त्या नादात ती गतीच्या नियमांपर्यंत जाऊन पोहोचतात. के यांना हवी होती ती पाटी: मुलाने काही घडवावे, मोडावे, पुन्हा घडवावे अशी.

पोथीची वाट निराळी. १९९७ साली एमआयटीतील जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ई इंक' ही कंपनी काढली. केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या योगाने त्यांतले हवे ते वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. कागदाप्रमाणेच ते बाहेरच्या उजेडात वाचायचे. २००४ साली जपानात सोनीने आणि २००७ साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने या पडद्याची वाचनयंत्रे विकायला आणली. २०१६ साली अ‍ॅमेझॉनच्या 'किंडल'वर मराठी पुस्तकेही आली.

२०१० साली अ‍ॅपलचा 'आयपॅड' आला. आकाराने तो डायनाबुकच वाटे. परंतु के यांची तक्रार अशी की, यात घडवण्यापेक्षा पाहण्याचीच सोय अधिक. आणि ती खोटी नव्हे. पाटीवर मूल लिहीत असे. या पाटीवर आधीच लिहून येते, हलते, बोलते आणि मुलाला उठू देत नाही. नाव पाटीचे, वागणे बाजाराचे!

म्हणून टॅब्लेट वाईट, असे मी म्हणणार नाही. चित्र काढायला, गाणे ध्वनिमुद्रित करायला, स्वतःचा खेळ रचायला ई-रीडर उपयोगाचा नाही. तेथे टॅब्लेटच हवा. रंगीत चित्रांच्या पुस्तकांतही ई-रीडर फिका पडतो. अगदी लहान मुलाला तर कागदी पुस्तकच द्यावे, कारण ते चावता आणि फाडताही येते. मात्र टॅब्लेटची पाटी व्हायची असेल तर शेजारी कोणीतरी बसावे लागते. पंतोजींची धूळपाटीही पंतोजींवाचून शिकवत नव्हती. ई-रीडर तेवढी देखरेख मागत नाही.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले आणि विचारले, "दुपारी आपण तिच्याशेजारी बसाल काय?" ते हसून म्हणाले, "खरे सांगू? दुपारी मला डुलकी लागते."

मी म्हटले, "मग ई-रीडर घ्या. त्यात अक्षर मोठे करता येते. झोप झाली की एक प्रकरण तिने वाचावे, एक आपण. आणि सोबत एक दगडी पाटीही घ्या. ती अजून मिळते."