फुग्यांतली ताडी

श्रोतेहो, भाईंदरहून उत्तन-डोंगरीकडे कधी गेलात आणि तिथल्या ख्रिस्ती लग्नघरी जेवायला बसलात, तर पानातली जोडी पाहून थबकाल. मऊ, गोल, किंचित गोड असे तळलेले फुगे. आणि सोबत इंदियाल, म्हणजे डुकराच्या मांसाचे आंबट-जहाल कालवण. गोडाबरोबर तिखट? अहो, पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आपणही ओरपतोच की!

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. ते मांस मुरवीत द्राक्षाच्या दारूत नि लसणीत. 'इंदियाल' हे नावही त्यांच्या भाषेतल्या या दोन शब्दांवरूनच आलेले. इथे द्राक्षे कुठली? ताडमाड मात्र मुबलक. मग दारूची जागा ताडीच्या शिरक्याने घेतली. मिरचीही मूळची अमेरिकेची, पोर्तुगिजांच्याच गलबतांतून आलेली. फुग्यांचे पीठ फुगवायलाही ताडीच कामी आली. ती आपोआप आंबते, तेव्हा तिच्यातला वायू पीठ वर उचलतो.

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने धारावी बेट घेतले, मग वसईही. पोर्तुगीज गेले, रांधप राहिले. शिक्षकबंधूंनो, लढाई पुस्तकात सापडते. हे कालवण तिथे सापडायचे नाही.

अलीकडे पुष्कळ घरांत ताडीऐवजी बाजारचे यीस्ट घालतात. फुगे फुगतात खरे, पण तो आंबूस वास काही येत नाही.