अंगणवाडी : सोबत आणि देखरेख

बेळगाव-निपाणी भागात ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी वाटतो; पण त्याचे मूळ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीत आहे. तेथे १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या हाताखाली अनुताई वाघ आल्या. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या, तरी अनुताई १९९२ पर्यंत, हयातभर, त्याच कामात राहिल्या. ती देखरेख बरोबरीने राबण्याची होती. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली, मात्र सेविकेस पगाराऐवजी मानधन दिले आणि पर्यवेक्षिकेकडे वीस-पंचवीस केंद्रे सोपविली. मग भेटीत मुलांपेक्षा नोंदवह्याच अधिक तपासल्या जातात, हे आम्ही सरकारी सेवेत पाहिले. आमच्या सीमाभागात तर त्या कानडीत! मानधन हे वेतनच मानून सर्वोच्च न्यायालयाने सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तो २०२२ मध्ये. योजनेच्या आरंभी विशीत असलेल्या सेविका तोवर निवृत्त झाल्या होत्या.