पायाची खोळ

आमच्या औंधात पाऊस बेताचाच. महाबळेश्वर याच सातारा जिल्ह्यातलं, पण तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरी माणसांनी पावसाची तयारी पूर्वीपासून केलेली. घोंगडीची एका कोपऱ्यात घडी घालायची, ते टोक डोक्यावर घ्यायचं आणि बाकीची पाठीवर सोडायची. ही खोळ. उशीची असते, गादीची असते, तशीच माणसाची.

माण, खटाव, आटपाडीचा मुलूख मेंढरांचा. धनगरांनी कातरलेली लोकर सणगरांच्या खड्डामागावर जाई. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोपून लावत. ती वाळली की धागा ताठ होई, वीण घट्ट बसे. घोंगडी पाणी पुरतं अडवत नाही, हे तिच्या भक्तांनीही मान्य करावं. रिपरिप ती वरच्यावर झेलते, मुसळधार पावसात मात्र भिजून अंगावर जड होते. पण लोकरीचा गुण असा की स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा तंतूंच्या पोटात घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. माझ्या मते ही तिची खरी थोरवी, आणि पुढच्या सगळ्या कापडांनी नेमकी हीच गमावली.

दुसरी वाट मेणाची. संस्कृतात मदन म्हणजे मधमाशीचं मेण. प्राकृतात त्याचं मयण झालं आणि मराठीत मेण. त्यावरून मेणकापड. पुढे मेण गेलं, तेल आलं, मग रबर, मग प्लास्टिक, पण नाव तेच राहिलं. रबराचं श्रेय स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशला. त्याने १८२३ मध्ये डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळवून दोन कापडांच्या मध्ये थापलं. ते उन्हात चिकट व्हायचं, थंडीत कडक. गंधकासोबत रबर तापवण्याची युक्ती गुडइयरला सापडली तेव्हा कुठे ते वापरण्याजोगं झालं. आपल्याकडे कोलकात्यात १९२० मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कारखाना काढला आणि ‘डकबॅक’चे रेनकोट देशभर पोचले.

हे सारं डोक्याखांद्यांसाठी. पाय उघडे राहिले, कारण चालणाऱ्याला वरून पडणारं पाणी चुकवायचं असतं. सायकलने ही दिशाच बदलली. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी उचलून थेट बुटावर मारतं. या मुलखाचं सायकलशी नातंही जुनंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावच्या सायकलच्या दुकानातून सुरू झाला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

सायकलवर पाय कोरडे ठेवायला बुटाची खोळ घरी शिवायला बसलं की कापडाचा प्रश्न पहिला. ताडपत्री पाणी अडवते, पण घडीवर चिरते. रेक्झिनचा थर काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. छत्रीचं कापड हलकं, मात्र पेडलला घासून पुढे भोक पडतं. मी शेवटी शाळेच्या दप्तरांना वापरतात तसं, आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेलं जाड नायलॉन घेतलं. ४२० डेनियरचं, म्हणजे त्याच्या ९,००० मीटर सुताचं वजन ४२० ग्रॅम. दुकानातच कापडाची वाटी करून पाणी ओतावं आणि तळाला कोरडा कागद लावून बघावा. विकत घेण्याआधी एवढं करू देणारा दुकानदार भला माणूस.

शिवताना टाचण्या लावू नयेत. थर दिलेल्या कापडात पडलेलं भोक बुजत नाही. दोन तुकडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरावेत. टाका लांब ठेवावा, तीन-चार मिलिमीटरचा, कारण बारीक टाक्यांनी शिवण म्हणजे तिकिटाची कड होते, ओढलं की फाटते. मग शिवणीवर आतून रबरी सोल्यूशनचे दोन हात. तळाला पेडलवर टेकणारा भाग उघडाच ठेवायचा, आणि चवड्यावर जुन्या ट्यूबचं ठिगळ.

पहिल्या पावसात औंधच्या मूळपीठाच्या डोंगराला वळसा घालून आलो. खोळ काढली तर मोजे ओले. शिवण तपासली, कोरडी होती. पाणी बाहेरचं नव्हतंच, घाम होता. थर दिलेलं नायलॉन तो बाहेर जाऊ देत नाही. घरात आजोबांची फाटकी घोंगडी होती. तिचा चार बोटं रुंद पट्टा कापला आणि खोळीच्या आत, बोटांवर येईल असा बसवला. आता परतल्यावर तेवढा पट्टा काढून चुलीजवळ वाळत घालतो.