तांदळ्याला धड कुणी मागितलं?

माहूरच्या गडावर रेणुकेला धड नाही. गाभाऱ्यात शेंदराने माखलेलं भलंमोठं मुखच तेवढं आहे. आम्ही त्याला तांदळा म्हणतो. देवी एवढीच का, हे गडाच्या पायऱ्यांवर कुणालाही विचारा. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारलं. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात बापाचा देह ठेवला, दुसऱ्यात आईला बसवलं आणि रानं तुडवत इथवर आला. दत्तात्रेयांनी आचार्यपण केलं, परशुरामाने बाण मारून मातृतीर्थ काढलं, रेणुका सती गेली. मग पोर आईसाठी धाय मोकलून रडू लागलं, तेव्हा आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, पण तोवर मागे वळून बघू नकोस. त्याला कुठला धीर! तो वळला तेव्हा मुखच वर आलं होतं. बाकीची आई जमिनीतच राहिली.

आता महाभारत काढा. वनपर्वात परशुरामाची कथा आहे. पाण्याला गेलेली रेणुका मार्तिकावताच्या चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहते, तिचं मन क्षणभर ढळतं. जमदग्नी मुलांना मातृवधाची आज्ञा करतात. रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु यांच्याने ते होत नाही. पाचवा कुऱ्हाड उचलतो आणि मग वर मागून आईला परत उठवतो. सहस्रार्जुनाचं वैर आणि जमदग्नींची हत्या पुढे येतेच. पण कावड नाही, सती नाही, मागे वळणं नाही. माहूरही नाही.

म्हणजे ‘मूळ संहितेशी प्रामाणिक’ ही आजची कसोटी लावली, तर साडेतीन शक्तिपीठांतलं आमचं पूर्ण पीठ पहिल्या फेरीतच बाद.

ही कसोटी हल्ली सगळीकडे लावली जाते. चित्रकथेवर सिनेमा आला की आधी ताळा जुळवायचा : पुस्तकात हे होतं का, मग इथे का नाही? पुस्तकात नव्हतं ना, मग इथे कुठून आलं? नांदेडला कॉलेजात शिकवणारे माझे एक मित्र या पक्षाचे कट्टर आहेत. त्यांचा पूर्वपक्ष मी पातळ न करता मांडतो, कारण तो पोकळ नाही. एक, चित्रकथा ही कुणाच्या तरी आयुष्यभराच्या मेहनतीची वस्तू आहे. तिच्यावर रंगसफेदी करायचा हक्क दिग्दर्शकाला कुणी दिला? दोन, वाचकाच्या मनात लहानपणापासून एक चित्र ठसलेलं असतं, ते पुसणं हा एक प्रकारचा विश्वासघात. तीन, आणि हा त्यांचा हुकमी एक्का, निर्मात्याला गोष्ट नको असते, नाव हवं असतं. पाटी जुनी, माल भलताच.

उलट्या क्रमाने घेतो. तिसरा मुद्दा मला मान्य आहे. पण ती फसवणूक प्रेक्षकाची आहे, पुस्तकाची नव्हे. पुस्तक कपाटात जसंच्या तसं असतं, त्यातलं एक पानही सिनेमामुळे कोरं होत नाही. भलता माल विकणाऱ्याला माल वाईट म्हणून झोडावं. ‘मुळाशी बेइमान’ हा आरोप ठेवला की वाईट पण इमानी सिनेमा सुटतो आणि चांगला पण बदललेला अडकतो. असला कायदा काय कामाचा?

दुसरा मुद्दा मनातल्या चित्राचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि तोंडाने काढलेला ‘ट्टॉक’. २०१७ साली आदित्य सरपोतदारांनी त्याच्यावर चित्रपट केला; निर्माते आमच्या लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख, आणि फेणे झाला अमेय वाघ. शाळकरी पोराचा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण केला, म्हणून जुने वाचक हळहळले. आमच्या मनातला फाफे असा नाही, म्हणाले. पण त्यांच्या मनातला तो काटकुळा, चपळ पोरगा भागवतांनी तरी कुठे काढला होता? तो राम वाईरकरांच्या कुंचल्यातून आला. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणून छातीशी धरतो, ते आधीच एका चित्रकाराने शब्दांचं केलेलं रूपांतर आहे. हेच वाईरकर अनंत पै यांच्या अमर चित्र कथेत ‘कृष्ण’ काढत होते. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी बाळकृष्णाचं रूप भागवत पुराणातून घेतलं की वाईरकरांकडून, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून बघावं.

त्या चित्रपटाबद्दल माझंही गाऱ्हाणं आहे, पण ते निराळं. पुस्तकातल्या फेणेची सगळी गंमत तो पोरगेला असण्यात होती. मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत, त्याला हिशेबात धरत नाहीत, म्हणूनच तो कुठेही शिरू शकतो आणि त्याचं शहाणपण चमकतं. वय वाढवलं की ही अडचण जाते आणि अडचणीबरोबर मजाही जाते; उरतो तो चार सिनेमांतला असतो तसा धडपड्या नायक. बदल केला म्हणून मी तक्रार करत नाही. जी जागा रिकामी झाली ती भरली नाही, ही तक्रार. आणि त्याच सिनेमातला दुसरा बदल मला फार आवडला : खुद्द भा. रा. भागवत हे पात्र होऊन येतात आणि दिलीप प्रभावळकर ते करतात. पुस्तकात हे असणं शक्यच नव्हतं. लेखकाचं ऋण मान्य करायची याहून सभ्य रीत मला सुचत नाही, आणि ती मुळात नसलेल्या गोष्टीतून साधली.

चिंटूचं प्रकरण तर आणखी सोपं. १९९१पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत त्याला उभा केला. तो वाढत नाही, त्याची मोहीम नसते, शेवट नसतो. आईने हाक मारली, याने उलट उत्तर दिलं, संपलं. २०१२ साली श्रीरंग गोडबोल्यांनी चित्रपट केला तेव्हा गोष्ट रचावी लागली. मुलांचं मैदान हातचं जातंय आणि ते वाचवायचंय, असली. ‘पट्टीशी प्रामाणिक’ सिनेमा म्हणजे नेमकं काय करायचं होतं? अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे दोनशे विनोद एकापुढे एक? पाचव्या मिनिटाला माझे मित्रच सगळ्यांत आधी उठले असते.

राहिला पहिला मुद्दा, मेहनतीचा आणि हक्काचा. इथे मुळाच्या बाजूचे लोक एक गोष्ट गृहीत धरतात : झरा वर आहे, पाणी खाली येतं, गढूळ होतं ते खाली. चित्रकथांचा इतिहास तसा वाहिलेला नाही. सुपरमॅन १९३८च्या पहिल्या अंकात उडत नव्हता, लांब उड्या मारत होता. १९४१पासूनच्या फ्लायशर बंधूंच्या कार्टूनपटांत उड्या विचित्र दिसू लागल्या म्हणून तो उडू लागला, आणि मग कॉमिकने ते उचललं. त्याला निर्बल करणारं क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओवर जन्मलं. कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. बॅटमनच्या गोष्टीतली हार्ली क्विन १९९२च्या टीव्ही मालिकेत आधी आली, छापील पानावर नंतर. आज जो सुपरमॅन उडवणार नाही त्याला बेइमान ठरवतील, आणि ते उडणंच मुळी एका रूपांतराने घातलेलं आहे.

आमच्याकडेही पाणी असंच वर चढलं. गडावरची कथा लोकांच्या तोंडी होती. तिला रेणुकामाहात्म्याचं रूप मिळालं आणि ते स्कंदपुराणातल्या सह्याद्रिखंडाच्या नावावर नांदू लागलं. गर्सन द कुन्हांनी १८७७ साली मुंबईत सह्याद्रिखंड छापलं, तेव्हा त्यांना अनेक पोथ्या समोर ठेवून पाठ ताडावे लागले. मूळ एकच असतं तर ताडायला काय होतं? वनपर्वातला चित्ररथ राजा भागवतात येतो तेव्हा गंधर्व होऊन अप्सरांबरोबर असतो. खाली कर्नाटकात सौंदत्तीला रेणुका यल्लम्मा झाली. तमिळ मुलखात तर तोडलेलं शिर घाईघाईत भलत्याच धडावर बसवल्याची कथा सांगतात. आणि इथे माहूरला गडाच्या एका शिखरावर रेणुका, एकावर दत्त, एकावर अनसूया. शिवाय महानुभावांचं देवदेवेश्वर. एवढे सांगणारे एकाच डोंगरावर नांदतात आणि कुणी कुणाला ‘तुमची आवृत्ती अधिकृत नाही’ असं म्हणत नाही. (दक्षिणापेटीच्या हिशेबावरून भांडतात ते वेगळं.)

मित्र म्हणतात, पुराणाचं सोड, तिथे लेखक कोण ते ठाऊक नाही. चिंटूला लेखक आहे. बरोबर. म्हणूनच मानधन, श्रेयनामावली, परवानगी यांत काटकसर नको. पण परवानगी घेणं वेगळं आणि नक्कल करणं वेगळं. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ १९८६-८७ साली बारा अंकांत आलं. २००९ साली झॅक स्नायडरने त्याच्या चौकटीच्या चौकटी पडद्यावर उतरवल्या. मूर यांनी तर चित्रपटावर आपलं नावही लावू दिलं नाही. मी तो दोनदा पाहिला. दोन्ही वेळा मेणाच्या पुतळ्यांच्या दालनातून फिरल्यासारखं वाटलं. कारण साधं आहे. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो. तो एका चौकटीवर थबकतो, चार पानं मागे जाऊन आधी पाहिलेलं घड्याळ पुन्हा बघतो. सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात. चौकट उचलली, वेळ उचलता आला नाही. आणि चाहत्यांचं मोठं भांडण कशावरून? कॉमिकच्या शेवटातला महाकाय स्क्विडसारखा प्राणी सिनेमात नव्हता, यावरून.

मग काहीच पाळायचं नाही का? पाळायचं. काय पाळायचं ते गोंधळी जाणतो. त्याच्या तुणतुण्याचीही कथा आहे : परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि ते वाजवत आईपुढे आला. गोंधळात चौक भरतात, दिवटी पेटते, संबळ घुमतं, गण होतो आणि मग आवाहन. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, एकेक देवी गोंधळाला बोलावली जाते. इथे एक नाव गाळून बघा. म्हातारी माणसं जागची उठतील. पण आवाहन झालं आणि आख्यान लागलं की गोंधळी मोकळा. यजमानाचं नाव राजाला लावेल, साथीदाराच्या तोंडून कापसाच्या भावावर टोमणा मारेल, लढाई दोन मिनिटांत उरकेल आणि आईच्या विरहावर अर्धा तास घालवेल. आख्यान कालच्यासारखं नव्हतं म्हणून कुणी बिदागी कापत नाही.

फाफेचं ‘ट्टॉक’ हे आवाहन आहे. त्यावाचून कुणी येणार नाही. चिंटूची टोळी आणि शेजारचे जोशीकाका हे आवाहन. त्यापुढचं सगळं आख्यान. आवाहन किती लांब, ते ज्यांना बोलावलंय त्या मंडळींवर ठरतं. २०२४ साली स्टार प्रवाहवर साडेतीन शक्तिपीठांवरची ‘उदे गं अंबे’ ही मालिका सुरू झाली तेव्हा आमच्याकडे हाच घोळ झाला. अर्धं घर पोथी घेऊन बसलं, अर्धं मालिका बघत.

पण माहूरच्या बदलात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी एवढा खटाटोप. वनपर्वातल्या परशुरामाने वर काय मागितला? आई जिवंत व्हावी, आणि तिला आपल्या हातून झालेलं काही आठवू नये. बापाने दिलं. पोर सुटलं, कथा पुढे गेली. माहूरच्या सांगणाऱ्यांना हे सुटणं पटलं नसावं. त्यांनी ते खोडून काढलं नाही. कुऱ्हाडीची गोष्ट गडावरही सांगतात. त्यांनी पुढे एक प्रसंग जोडला. ज्याने आईला विसरायला लावलं, त्याच्या खांद्यावर तीच आई ओझं म्हणून दिली, आणि ऐन वेळी त्याला मागे बघायला लावलं. आईचं शिर ज्याने एकदा वेगळं केलं, त्याला पुन्हा शिरच मिळालं. महाभारताच्या संहितेत हे कुठेही नाही. पण संहिता जिथे नजर चुकवते तिथेच हे बोट ठेवतं. रूपांतर करणाऱ्याला मी विचारीन तो प्रश्न एवढाच : बाबा रे, तू बदललंस ते अवघड जागा टाळायला की तिला हात घालायला?

लहानपणी किनवटहून येताना एस.टी.त मी परशुरामाची एक चित्रकथा वाचत होतो. शेजारी आत्या. तिला अक्षर येत नव्हतं, चित्रं बघत होती. शेवटचं पान उलटल्यावर म्हणाली, “काहून रे, याच्यात माहूर कुठी आहे?” मी म्हटलं, आत्या, पुस्तकात नाही. ती म्हणाली, “मंग अर्धंच छापलं असंल.”

तिच्या देव्हाऱ्यात दोन तसबिरी होत्या. एक गडाखालच्या दुकानातली, तांदळ्याची. दुसरी कॅलेंडरची कापून चौकटीत बसवलेली : रेणुका पायांपासून मुकुटापर्यंत अख्खी, हिरवं लुगडं नेसलेली. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला विचारलं, यातली खरी कोणती? तिने दोघींनाही कुंकू लावलं, गडावरून आणलेल्या तांबुलाची पुडी सोडली आणि म्हणाली, आधी हात धुऊन ये.