अंगणात आलेली शाळा

अंगणवाडीच्या दारात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ताई, नुसतं खेळवताच का हो? त्या कॉन्व्हेंटची पोरं बघा, एबीसीडी लिहायला लागली." ताई बिचारी हसते. कधीकधी घाबरून पाटीही पुढे करते. आज मी त्या "नुसतं खेळवण्या"चीच गोष्ट सांगणार आहे. ते सहजासहजी मिळालेलं नाही.

१९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी लहान मुलांसाठी एक घर उघडलं. मूल हातांनी शिकतं, हे त्यांनी तिथं दाखवून दिलं. आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई मूळचे वकील. राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर कामाला आल्या. १८९२ चा जन्म, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्या काळी बाईमाणसानं अशी नोकरी सोडून लहान मुलांत रमणं म्हणजे लोकांना खुळेपणाच वाटला असणार. पुढे १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार काढलं. तिथं शहरातल्या शिकलेल्या घरांतली मुलं यायची. आता ही गोष्ट खेड्यात न्यायची कशी, हा प्रश्न त्यांना पडला.

उत्तर शोधायला त्या १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. बरोबर अनुताई वाघ. अनुताई लहानपणी लग्न होऊन लगेच विधवा झालेल्या, त्यातूनच शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडी थाटली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. बोलवायला गेलं की पळून जात.

मग त्यांनी उलट केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या वस्तीत न्यायची. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली बसायचं. मूल आईच्या नजरेसमोर, आणि ताई मुलांसमोर. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज सरकारी पाटीवर दिसणारा हा शब्द मुळात इतका साधा आहे.

दिवसाची सुरुवात धड्यानं नव्हे, पाण्यानं व्हायची. हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, गरज असेल तर चक्क अंघोळ घालायची. काही जणी म्हणतील, हे काय शिक्षण? पण घरात पाणी लांबून डोक्यावर आणावं लागत असेल, तर स्वच्छतेचा धडा तोंडी देऊन काय उपयोग? मूल स्वच्छ झालं की आईही बघायला येई, आणि बघता बघता तीही शिके. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ, खाऊ.

खेळणी कुठून आणायची? माँटेसरींची लाकडी साधनं महाग. बोर्डीत समुद्राचे शंखशिंपले होते. खडे, बिया, पानं, फुलं होती. खडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडायचे. मैत्रिणींनो, हेच मोजणीचं पहिलं पाऊल. लहान-मोठं, कमी-जास्त डोळ्याला आणि हाताला कळल्याशिवाय पाच हा आकडा नुसता पाठ होतो, समजत नाही. चिंचोका चिमटीत धरून मडक्यात टाकायचा. ती चिमूटच उद्या पेन्सिल धरणार. तीन वर्षांच्या बोटांत अजून तेवढं बळ नसतं, म्हणून तर रेघ थरथरते आणि आपण उगाच रागावतो.

तरी काही मुलं येतच नव्हती. का? तर कडेवर धाकटं भावंडं. आईबाप मजुरीला गेलेले, सात-आठ वर्षांची पोरगी घरातली दुसरी आई. तिला शाळेत आणायचं तर बाळाची सोय हवी. म्हणून पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, आणि शेजारी प्राथमिक शाळा, असं एकाच आवारात जोडून दिलं. त्याला नाव विकासवाडी. मला ही सगळ्यात मोठी अक्कल वाटते. शाळा सोडणाऱ्या मुलींवर आपण अजूनही चर्चा करतो. यांनी आधी कडेवरचं बाळ पाहिलं.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्यावर गेलं. तिथं मोठी मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक गुरांमागे माळावर गेले. ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबादलाच काम करत राहिल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना देशभरात ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. गावोगाव अंगणवाडी आली ती या योजनेतून. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, सगळं एका ताईच्या पदरात. त्यात शिक्षणही होतं, पण वजनकाटा आणि रजिस्टर यांच्यापुढे खेळ मागे पडत गेला. ताईला पगार नाही, मानधन. म्हणजे कामाला मान आहे, पण नोकरी नाही! त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं सांगायला २०२२ साल उजाडावं लागलं.

आता पुढच्या वेळी अंगणवाडीत गेलात की जरा आत डोकवा. एखादं पोर बाटलीची टोपणं रंगानुसार लावत बसलेलं दिसेल. त्याला हाक मारू नका. शेवटचं टोपण लावून होऊ द्या, मग घरी न्या.