छायाचित्राखालचे नाव



साहित्याच्या अध्यापकाने वृत्तपत्रीय छायाचित्रकाराविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मला एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. स्वातंत्र्यकाळातील गद्य शिकविताना मी वर्गात नेहमी एक छायाचित्र दाखवीत असे : जून 1947, फाळणीच्या बाजूने वर झालेले काँग्रेस पुढाऱ्यांचे हात. ते कोणी टिपले, हे मी कधी विचारले नाही. ते टिपणाऱ्या होमाई व्यारावाला 1982 पासून आपल्याच बडोद्यात राहत होत्या.

जन्म नवसारीचा, 1913 मधला. वडील पारशी नाटक मंडळीतले नट. शिक्षण मुंबईत, पुढे जे. जे. कलाशाळेत. कॅमेरा हाती दिला तो माणेकशा व्यारावालांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने पहिली छायाचित्रे छापली, मोबदला एका चित्रास एक रुपया. मात्र त्या आरंभकाळातील अनेक चित्रांखाली नाव पतीचे असे. 1933 मध्ये मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ हा पडदा निदान स्वतः निवडला होता. होमाईंना तेवढीही मुभा नव्हती. ‘डालडा 13’ ही मिश्कील सही नंतरची, त्यांच्या मोटारीच्या डी.एल.डी. 13 या क्रमांकावरून सुचलेली.

1942 मध्ये ते दांपत्य दिल्लीस गेले. साडी नेसलेली ही बाई अवजड कॅमेरे घेऊन सायकलवरून राजधानीभर हिंडे. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, कबूतर सोडणारे नेहरू हे सारे तिने टिपले. परंतु 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेस त्या निघाल्या असता पतीने मागे बोलाविले. उद्या दोघे मिळून जाऊ, म्हणाले. अंत्ययात्रेची चित्रे त्यांनी घेतली. पण न घेतलेल्या त्या चित्राची खंत जन्मभर राहिली. खुनाचे चित्र हुकल्याची हळहळ काहींना रुक्ष वाटेल. मला वाटत नाही. साक्षीदाराचे दुःख असेच असते.

1970 मध्ये, पतिनिधनानंतर वर्षभरात, त्यांनी हे काम सोडले. नव्या छायाचित्रकारांची बेशिस्त त्यांना साहवेना. 1989 मध्ये एकुलता एक मुलगा गेला; त्यानंतर त्या एकट्याच, बागकामात रमलेल्या. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 15 जानेवारी 2012 रोजी त्या याच शहरात वारल्या.

ती बातमी वाचून मी कपाटातले ते जुने छायाचित्र काढले आणि त्याखाली पेन्सिलीने त्यांचे नाव लिहिले.